ओढ्यात पडलेला म्हातारा

परवा रिक्षा मार्केट यार्डाच्या बाजूनं वळली आणि नाकात हळद शिरली. डब्यातल्या हळदीला असा वास नसतो. हा शिजवून उन्हात वाळवलेल्या हळदीचा वास, मातीसारखा, जरासा कडवट, घशाशी खवखवणारा. पुढच्या टेम्पोवर पोती रचलेली, पोत्यांवर बसलेल्या हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. "मावशी, नाकाला पदर लावा," रिक्षावाला म्हणाला. मी लावला. पण धूळ हे निमित्त. मला खरं तर तोंडच झाकायचं होतं. रिक्षात मी एकटी, बघायला कुणी नाही, तरी गाल तापले आणि मान खाली गेली.

हळदीच्या वासानं बायकांना लग्नं आठवतात. मला टीव्हीतला एक ओढा आठवतो आणि त्या ओढ्यात पडलेला एक म्हातारा. आता हे कुणाला तोंडानं सांगायची सोय आहे का, तुम्हीच सांगा. म्हणून लिहिते आहे. लिहिताना निदान समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही.

गेल्या हळदीच्या हंगामात आमच्या घरात दुखवटा होता. आदल्या श्रावणात आमचे मालक गेले. आमचं गाव विट्याजवळचं, आणि तिकडच्या कितीतरी घरांसारखा आमचाही धंदा गलाईचा. म्हणजे जुनं सोनं आटवायचं, त्यातली भेसळ काढून चोख करून द्यायचं. मालकांची सारी उमेद मदुराईच्या दुकानात गेली. हात थकल्यावर दुकान मुलाच्या ताब्यात देऊन आम्ही दोघं गावी परतलो. सून स्नेहल कऱ्हाडकडची, सांगलीत कॉलेजात शिकवते, म्हणून तिचं बिऱ्हाड विश्रामबागेत. नवरा तिकडं, ती इकडं. मालक गेले तशी ती मला घ्यायला आली. "आई, गावात एकट्या नका राहू. मी पण एकटीच असते," एवढंच म्हणाली. मी पिशवी भरली.

दुखवट्याचं घर म्हणजे वर्षभर सण नाही, तळण नाही, पुरण नाही. भेटायला येणारा माणूस दारातूनच आवाज बारीक करून येतो. आपणही त्याच्यासमोर बारीक व्हायचं. संक्रांतीनंतर समोरच्या इमारतीत हळदीकुंकवाला बायकांची ये-जा सुरू झाली. पैंजणं, हसणं, वाणाची देवघेव. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग त्या पडद्याआड मी जे केलं, त्याची मला अजून लाज वाटते.

स्नेहल कॉलेजातून आली, चहा झाला, की टीव्हीला जोडलेला एक काळा डबा लावायची आणि गेम खेळायची. मला वाटायचं, गेम म्हणजे मोटारी पळवणं नाहीतर गोळ्या घालणं. हा तसला नव्हता. यात एक अख्खा मुलूख होता. डोंगर, घाट, पडके किल्ले, वेशी, बाजार. त्यातली माणसं स्नेहलला कामं सांगायची, ती कुणाची हरवलेली अंगठी शोधून द्यायची, कुणाचा निरोप पोचवायची, मधेच कुठून तरी राक्षस निघायचा. मी टीव्हीकडं पाठ करून तांदूळ निवडत बसायची. पाठ केली म्हणजे दुखवटा पाळला, असा माझा हिशेब. पण कानांना काही पाठ करता येत नाही. "ती बाई परत आली का गं, रडणारी?" मी एकदा ताटातून मान वर न काढता विचारलं. स्नेहल हसली नाही. म्हणाली, "आली की. तिचा भाऊ सापडला."

एके दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि तिनं तो रिमोट, कंट्रोलर म्हणतात त्याला, माझ्या हातात दिला. "आई, फक्त धरा. हे डावीकडचं पुढं ढकललं की चालतो." मी ढकललं. तिचा शूर सरदार चिलखतासकट तलावात गेला आणि तळाशी जाऊन उभा राहिला. मी ओरडले, "अगं, बुडालं गं पोरगं!" स्नेहल हातात चमचा घेऊन धावत आली आणि दाराला टेकून पोट धरून हसायला लागली. मीही हसले. मग एकदम दोघींची नजर मालकांच्या फोटोवर गेली. हारातली फुलं सकाळचीच होती. मी कंट्रोलर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. "आई, तुमचा वेगळा सुरू करू या? पहिल्यापासून."

"लोकं काय म्हणतील? वर्ष व्हायचं हाय अजून."

"लोकांना कोण सांगतंय?"

हे वाक्य मला फार आवडलं, आणि आवडल्याबद्दल पुन्हा लाज वाटली. मी अटी घातल्या. दाराला आतून कडी, पडदा ओढलेला, आवाज बारीक. चोरीच करायची तर नीट करावी.

आता नवशिक्या माणसाला सांगते, असल्या गेममध्ये शिरणं म्हणजे नवख्या गावात लग्न करून जाणं. दारातच इतकं विचारतात की जीव घाबरा होतो. तू कोण? माणूस, की बुटका, की लांब कानांचा? तलवार घेणार, की जादू शिकणार, की चोरपावलांनी फिरणार? ताकद किती, अक्कल किती, नशीब किती, ते थोडं थोडं वाटून घ्यायचं, आणि एकात जास्त टाकलं की दुसऱ्यात कमी पडतं. मी विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?" स्नेहल म्हणाली, "बरोबर असं काही नसतं, आई. तुम्हाला कसं जगून बघायचंय ते घ्या."  असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तेही टीव्हीनं.

मग चेहरा आला. नाक, हनुवटी, डोळे, सगळं बदलता येतं. मी आधी पांढरे केस घेतले, आपल्या वयाला शोभतील असे. स्नेहल पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात ते काळे केले. पुढं कपाळावर काढायच्या खुणा होत्या. रेघा, चांदण्या, पिसं. त्यात एक तांबडा गोल ठिपका होता. माझा अंगठा तिथं आला आणि दाबला गेला. स्नेहल परत आली, तिनं पडद्याकडं बघितलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि सोफ्यावर येऊन नुसती बसली. मी ठिपका काढून टाकायला गेले तर हलकेच म्हणाली, "राहू दे की आई. छान दिसतोय."

नाव विचारलं तेव्हा मी तिला एकेक अक्षर सांगत गेले. तिनं लिहिलं आणि विचारलं, "हौसा कोण?"

"हाय एक."

लग्नात तांदळात नाव लिहून माझी इंदुमती झाली, त्याच्या आधीची मी हौसा. ते नाव घेणारी माझ्या माहेरची माणसं आता उरली नाहीत.

माझा शिकण्याचा अभिमान मोठा आहे, हे आधीच सांगते. सातवीतून शाळा सुटली, पण पुढचं वाचन मी रद्दीच्या पेपरांवर केलं. इंग्रजी अक्षरं औषधांच्या खोक्यांवरून शिकले. मदुराईत पहिल्यांदा गेले तेव्हा एक शब्द कळत नव्हता. शेजारीण पानात रस्सम वाढतच होती आणि मला थांब म्हणता येईना. तेव्हा तिथली भाषा शिकताना पहिला शब्द शिकले तो "पोदुम", म्हणजे पुरे. भाजीवाल्या मला हसायच्या, मीही हसायची. लाज अशी वाटली नाही. आता वाटतं, तिथं हसणारी सगळी परकी होती. लाज वाटायला आपलं माणूस बघत असावं लागतं.

गेममध्ये मात्र पावलोपावली लाज. चालायला गेले की भिंतीला तोंड लावून उभी. तलवार काढायला जावं तर घोड्याला शीळ वाजायची. एका सज्जन लोहाराशी बोलायच्या ऐवजी मी त्याला फटका मारला आणि सारी पेठ माझ्या अंगावर धावून आली. मी कंट्रोलर टाकून पदरात तोंड लपवलं. "अगं, माफी कुठलं बटन दाबून मागायची?" स्नेहल म्हणाली, "पळा आधी!"

तरी हळूहळू जमायला लागलं. ती कॉलेजात गेली की दुपारी मी एकटी बसायची. बाहेर ऊन तापलेलं, लांबून हळदीचा वास, आणि आत पडद्याच्या अंधारात हौसा घाट चढते आहे. इंग्रजी एकेक अक्षर जोडत वाचायची. जे अडलं ते लक्षात ठेवून संध्याकाळी विचारायची.

घाटाच्या पायथ्याला मला तो म्हातारा मिळाला. गेममध्ये सोबती घेता येतात. कुणी देखणे धनुर्धारी होते, कुणी जादूगार. मी घेतला तो एका पायानं लंगडणारा, मिशा पिकलेल्या, कपाळाला आठ्या. बोलायचा कमी. चढ आला की "हं" करायचा, अगदी आमचे मालक करायचे तसं. मुक्कामाला टेकला की गुडघा चोळायचा. त्याला नाव होतं, गेमनंच दिलेलं. पण मी काही ते घेतलं नाही. मी त्याला "अवं" म्हणायची. "अवं, हिकडनं या. तिकडं पाणी हाय." स्नेहलनं हे ऐकलं तेव्हा आधी तिला हसू फुटलं, मग तिनं ते गिळलं. नंतर तीही त्याच्याविषयी विचारताना म्हणायला लागली, "आज 'ते' कुठवर पोचले?"

माझी एक खोड मात्र तिला कळेना. मी वाटेत दिसेल ते उचलायची. कांदे, रिकाम्या बाटल्या, मोडक्या तलवारी, फाटके बूट. एक दिवस हौसा जागची हलेना. पडद्यावर अक्षरं आली. स्नेहलनं वाचून सांगितलं, "ओझं जास्त झालंय, आई. काहीतरी टाका."

"टाकू? का म्हणून?"

"ही मोडकी तलवार कशाला?"

"मोडीत जाईल की."

ती कपाळावर हात मारून हसली. पण तिला आमच्या घराचं काय ठाऊक? ती आली तेव्हा दुकान मोठं झालेलं. आमच्या वेळी दुकानाची जमीन झाडली की केरसुद्धा डब्यात जायचा. त्या केरात सोन्याचा कण असतो. पाय पुसायचं पोतं जुनं झालं की जाळून त्याची राख धुवायची, हात धुतलेलं पाणी गाळायचं. मी त्या केरावर संसार केला आहे. कुठली वस्तू टाकायची म्हटलं की माझा हात पुढं होत नाही.

तसंच औषधांचं. गेममध्ये वाटेवर बाटल्या मिळतात. तांबड्या रंगाचं औषध प्यालं की जखमा भरतात. आणि एक निळी बाटली असते, फार दुर्मिळ. स्नेहलनं तिचं काय ते सांगितलं होतं, पण मी अर्धवट ऐकलं. भारी आहे एवढंच डोक्यात राहिलं, आणि भारी वस्तू लगेच वापरायची नसते. पुढं मोठा राक्षस येईल, तेव्हा लागेल. हौसा रक्तबंबाळ व्हायची, पण बाटली फोडायची नाही. कांदे खाऊन दिवस काढायची.

गावच्या घरी माळ्यावर आमचं मदुराईहून आणलेलं पितळी कॉफीचं फिल्टर आहे. मालकांना कॉफी फार प्रिय. गावी आल्यावर मी ते घासून, फडक्यात गुंडाळून वर ठेवलं, पाव्हणे आले की काढू म्हणून. पाव्हणे यायचे, चहा पिऊन जायचे. मालक एकदोनदा वर बघून म्हणाले, "ते काढ की गं." मी म्हणाले, "काढू की. घाई काय?" त्यांनी पुढं विचारायचं सोडून दिलं. दरवर्षी दिवाळीला मी ते खाली घेऊन चिंचेनं लखलखीत करायची आणि परत वर ठेवायची.

तर ओढ्याचं सांगते. घाट उतरल्यावर एक ओढा लागतो. त्याच्या पलीकडं वस्ती दिसत होती, दिवे लागलेले. मी म्हाताऱ्याला घेऊन पाण्यात उतरले आणि झाडीतून लांडग्यांसारखी जनावरं आली. मी बटनं बडवत सुटले. कुठलं काय करतं ते सगळं विसरले. हौसा कशीबशी वाचली, जनावरं पळाली. वळून बघते तर म्हातारा पाण्यात आडवा. एक हात दगडावर. मी जवळ गेले. "अवं," म्हटलं. "उठा की." तो हलेना. पाणी त्याच्या अंगावरून वाहत होतं.

आता हसू नका. मी टीव्ही बंद केला, उठले आणि न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. कुणी गेल्याची बातमी आली की अंघोळ करायची, हे हातापायांनाच ठाऊक होतं, मला विचारलंच नाही त्यांनी. बाहेर येऊन केस मोकळे सोडून जमिनीवर बसले. गॅस पेटवला नाही.

स्नेहल आली. मला तसं बघून तिच्या हातातली पर्स खाली पडली. "आई, काय झालं?"

"गेले."

"कोण गेले?" तिचा चेहरा पांढरा पडला. नवरा तिकडं लांब, तिच्या मनात काय आलं असेल! "आई, कोण? बोला ना!"

"ते... ओढ्यात."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली, आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. "आई, तुम्ही मला मारलं असतं आज," म्हणाली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. जित्याजागत्या लेकराचा जीव मी टीव्हीतल्या म्हाताऱ्यासाठी टांगणीला लावला होता. आणि त्याहून खोल आणखी एक लाज. श्रावणात मालक गेले तेव्हा मला चार बायकांनी धरून न्हाऊ घातलं होतं. मी दगडासारखी बसून होते, डोळ्यांतून टिपूस नाही. लोकांना वाटलं, धक्का बसला. आणि या परक्या म्हाताऱ्याच्या नावानं मी न्हाणीत हुंदके देऊन रडले होते. हे मी स्नेहललासुद्धा सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

तिनं माझे केस पुसले, टीव्ही लावला. "आई, बघा. तो मेलेला नाही, नुसता पडलाय. या गेममध्ये सोबती पडतात आणि उठवले की उठतात. ती निळी बाटली कशासाठी असते, मी सांगितलं नव्हतं? ती पाजायची." तिनं हौसाची पिशवी उघडली. कांद्यांच्या आणि मोडक्या तलवारींच्या खाली एक सोडून तीन निळ्या बाटल्या होत्या.

लगेच पाजू या, म्हणाली. मी नको म्हटलं. "उद्या बघू," म्हटलं. मला त्या बाटल्यांकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धीर करून बसले. ओढा आला, दगडावरचा हात आला. पिशवी उघडायला गेले, आणि दार वाजलं.

कडी लावायची राहिली होती. वन्सं आत आल्या. वन्सं म्हणजे मालकांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, म्हणून त्यांनीच मालकांना, त्यांच्या बापूला, कडेवर घेऊन वाढवलेलं. शिमगा तोंडावर आला होता. दुखवट्याच्या घरात पुरण शिजत नाही म्हणून त्या विट्याहून एसटीनं पोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. डब्याला बांधलेलं फडकं सोडायच्या आधी त्यांची नजर टीव्हीवर गेली. पडद्यावर पाण्यात पडलेला म्हातारा. सोफ्यावर हातात कंट्रोलर घेतलेली मी. खिडकीचा पडदा ओढलेला.  कंट्रोलर लपवावा की ठेवावा, ते कळेना. तो हातातच थरथरायला लागला, असतं त्याला तसं यंत्र, आणि मला वाटलं, तोही माझी चहाडी करतो आहे.

"आवं वन्सं, या की. बसा."

त्या बसल्या, टीव्हीकडं तोंड करूनच. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी धडपडून बंद केला. पाणी दिलं. गावाकडचं बोललो, शेरडांचं, पाण्याच्या टँकरचं. जाताना दारात त्या थांबल्या, माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाल्या, "बरं हाय, इंदे. मन रमतंय तुझं."

रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. टोमणा असता तर झेलला असता. त्यांचा आवाज सपाट होता. त्यातलं काय घ्यायचं ते माझ्यावर सोपवून त्या जिना उतरल्या. मी गॅलरीतून बघत होते. पाठीला पोक आलेली ती बाई हळदीच्या टेम्पोच्या धुळीतून एसटी स्टँडाची रिक्षा धुंडाळत उभी होती. आपला भाऊ जाऊन वर्ष झालं नाही, आणि त्याची बायको पडदे ओढून खेळते आहे, हे घेऊन ती घरी निघाली होती.

त्या दिवसापासून मी टीव्हीच्या त्या काळ्या डब्याला हात लावला नाही. स्नेहलनं एकदोनदा विचारलं, मी डोळे दुखतात म्हटलं. ती समजली असावी. तिचा गेमही तिनं मी झोपल्यावर खेळायला सुरुवात केली, म्हणजे माझ्यामुळं तिचीही चोरी झाली. वर्षश्राद्ध झालं. वन्सं आल्या, गेल्या, वेगळं काही बोलल्या नाहीत. मीही नाही. पण भाजी चिरताना, देवाला फूल वाहताना, मधेच आठवायचं, की तो तिथं पाण्यात पडला आहे. माझ्या पिशवीत बाटल्या आहेत. मी गेले नाही तर तो तसाच राहणार. टीव्ही बंद म्हणजे तो नाहीच, असं स्नेहल म्हणेल. मला नाही तसं वाटत.

आणि आता परत हळद आली. परवाच्या रिक्षातून मी घरी आले ती तोंड धुवून बसते न बसते तोच वन्सं हजर. या खेपेला पिशवीत घरच्या हळदीची पुडी, भाचीच्या शेतातली, आणि चार वांगी. पाय दुखतात म्हणून सोफ्यावर मांडी घालून बसल्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग बंद टीव्हीकडं बघत त्यांनी विचारलं,

"ते म्हातारं उठलं का गं?"

मला आधी कळलंच नाही. "कोण म्हातारं?"

"तेच की. गेल्या शिमग्याला वड्यात पडलं हुतं. मी आले तवा तू त्याला उठवायच्या तयारीत हुतीस वाटतं. माझ्यामुळं राह्यलं." त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "घरी जाईस्तवर डोळ्यापुढनं हलंना. सारखं वाटायचं, इंदीनं उठवलं आसंल. उठलं का मग?"

खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," मी म्हटलं. "तसंच हाय."

"वरीसभर?"

"व्हय."

"आनि उठवता येत हुतं?"

मी मान डोलावली. वर बघायची हिंमत नव्हती. वन्संनी एक मोठा श्वास घेतला.

"काय बाई हायस गं तू! एवढं पान्यात ठिवलंस व्हय त्याला? लाव की ते."

स्नेहल कॉलेजात होती. मला आधी डब्याचं बटन सापडेना, मग कंट्रोलरच सापडेना, तो कपाटात टॉवेलांच्या मागं मीच दडवलेला. पडदा मात्र मी ओढला नाही. त्यामुळं टीव्हीवर खिडकीचा उजेड पडला आणि नीट दिसेना, तर वन्सं स्वतःच उठून टीव्हीजवळ जमिनीवर जाऊन बसल्या. ओढा आला. पलीकडच्या वस्तीतले दिवे तसेच लागलेले. दगडावरचा हात तसाच.

"ही कोण उभी?"

"ही मी."

काळे केस, कपाळावर तांबडा ठिपका. वन्संनी तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं वळल्या नाहीत. "चांगली हाय की," म्हणाल्या. "हाडापेरानं माझ्या बापूला शोभंलशी." मग घाईनं, "पाज, पाज त्याला काय पाजायचं ते."

माझी बोटं सगळं विसरली होती. पिशवी उघडायच्या ऐवजी हौसानं दोनदा तलवार उपसली. वन्सं ओरडल्या, "अगं मारतीस काय त्याला!" शेवटी कांद्यांच्या खालची निळी बाटली सापडली. मी दाबलं. हौसा पाण्यात गुडघ्यावर बसली, त्याच्या मानेखाली हात घातला. थोडा वेळ काहीच नाही. मग तो खोकला. दगड धरून उठला. लंगडा पाय झाडला. अंगावरचं पाणी निथळत होतं. त्यानं हौसाकडं बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि काहीतरी बोलला. खाली अक्षरं आली.

"काय म्हनतंय ते?" वन्संनी विचारलं.

मी एकेक अक्षर जोडत वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणत्यात," मी म्हटलं, "लय येळ लावलास."

वन्सं टीव्हीकडंच बघत होत्या. त्यांच्या हळदीच्या पुडीला हात लागून त्यांची बोटं पिवळी झाली होती, त्याच बोटांनी त्यांनी डोळे पुसले.

"मग," त्या म्हणाल्या, "खोटं बोलतंय व्हय ते?"